शंभर वार

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या प्राचार्यांनी मला बोलावून माझ्या हाती मोजणीची एक लांबलचक फीत दिली, आणि महाविद्यालयाच्या कुंपणापासून शंभर वार अंतर मोजून तेथे रस्त्यावर पिवळी रेघ मारून घेण्याचे काम माझ्याकडे सोपविले. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात ज्याची अठ्ठावीस वर्षे गेली, त्याची निवड या कामासाठी का व्हावी हे मला प्रथम उमगेना. मागाहून कळले की, तंबाखूविरोधी समितीवर एखादा वयस्कर माणूस असावा असे ठरले होते, आणि त्या दिवशी रजेवर नसलेला वयस्कर माणूस मी एकटाच होतो. मी स्वतः दिवसाकाठी चारपाच सिगारेटी ओढतो, ही गोष्ट प्राचार्यांना ठाऊक नव्हती असे नाही. परंतु समित्यांच्या जगात माणसाचे वय पाहतात, त्याचा खिसा तपासून पाहत नाहीत.

शंभर वारच का, याचे मला फार नवल वाटले. वार हे माप मी माझ्या आजीबरोबर कापडाच्या दुकानात शेवटचे ऐकले होते. १९५६ साली कायदा करून आपण वार, फूट, शेर आणि मण या सर्वांची पाठवणी केली. पण २००३ सालच्या तंबाखूच्या कायद्यात वार पुन्हा येऊन बसला तो बसलाच. शिक्षणसंस्थेच्या भोवती शंभर वारांच्या आत सिगारेट अथवा अन्य तंबाखूजन्य पदार्थ विकू नयेत, तसेच अठरा वर्षांखालील कोणासही ते विकू नयेत, असे त्या कायद्याचे सहावे कलम सांगते. दोन्ही गोष्टींचा अंमल २००४ साली सुरू झाला. कलम मोडणाऱ्याला दंड किती, तर दोनशे रुपयांपर्यंत. शंभर वारांचे मीटर केले तर ९१.४४ होतात. तेव्हा फितीचे एक टोक मी फाटकापाशी धरले, दुसरे एका उत्साही विद्यार्थ्याच्या हाती दिले, आणि बाकीची मंडळी चुन्याचे डबे व रंगाचे ब्रश घेऊन रस्त्याने निघाली.

रेघ जिथे पडली तिथून वीसबावीस पावले अलीकडे एक पानाची टपरी होती. ती चालविणाऱ्या बाईंना आमच्याकडचे सगळे लोक मावशी म्हणतात, आणि त्यांच्याहून वयाने वडील असूनही मीही तसेच म्हणतो. यजमान गेल्यावर त्यांनी ही टपरी चालवायला घेतली. दुपारी तिथे चहाही मिळतो. दुसऱ्याच दिवशी चार मुलांनी हातभार लावून ती पत्र्याची टपरी ढकलत ढकलत रेघेपलीकडे नेऊन ठेवली. त्या चौघांपैकी दोघे आमच्या मोजणीपथकातले होते, हे मी प्राचार्यांना सांगितले नाही. नव्या जागी रिक्षा उभ्या राहतात. त्यामुळे मावशींचा धंदा पूर्वीपेक्षा थोडा बराच चालू लागला.

रेघेनंतर पाटीची पाळी आली. तंबाखू विकणाऱ्याने ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच अशी पाटी दर्शनी जागी लावावी असा नियम आहे. 'अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकणे हा दंडनीय गुन्हा आहे' हा मजकूर आणि खाली तंबाखूच्या दुष्परिणामांचे एक भयानक चित्र, अशा काही पाट्या समितीने रंगवून घेतल्या होत्या. त्यांतली एक घेऊन मी मावशींकडे गेलो आणि वर्गात वाचावे तशी ती त्यांना मोठ्याने वाचून दाखविली. त्यांनी ती शांतपणे ऐकली. मग विचारले,

"सर, वय वळखायचं कसं? मिशी बघून?"

"शंका आली तर वयाचा पुरावा मागायचा. आधार कार्ड मागा."

"धा रुपयाच्या गिराइकाला आधार कार्ड!" असे म्हणून त्या हसल्या. पण लगेच गंभीर होऊन म्हणाल्या, "आन् बापासाठी म्हनून पोरगं आलं तर?"

"बापाने स्वतः यावे," मी समितीच्या थाटात उत्तर दिले. त्यांनी मान हलविली आणि पाटी तारेने टपरीच्या खांबाला बांधून टाकली.

परत येताना त्यांचा तो दुसरा प्रश्न माझ्या डोक्यात घोळू लागला, आणि त्याने मला माझ्या गावी नेऊन सोडले. माझे गाव कासुर्डी. पुणे-सोलापूर रस्त्याने जाणाऱ्या पुष्कळांनी टोलनाक्याच्या निमित्ताने हे नाव वाचलेले असेल. त्याहून अधिक कीर्ती त्याने मिळविलेली नाही. कालव्याचे पाणी, ऊस, आणि हिवाळ्यात गुऱ्हाळांवरून येणारा रसाचा वास, हे माझे बालपण. माझे आजोबा ओट्यावर बसत. त्यांच्या कमरेला चंची असे. तिच्यात पाने, सुपारी, कात, चुन्याची पितळी डबी आणि तंबाखू. चंचीतली तंबाखू संपली की ते माझ्या हातावर चार आणे ठेवीत आणि मी वाण्याच्या दुकानाकडे धूम ठोकीत असे. आजीलाही मिश्रीसाठी तंबाखू लागे. ती तव्यावर ती काळी होईपर्यंत भाजी, आणि त्या वासाने घरातल्या सगळ्यांना ठसका लागे. आठदहा वर्षांच्या नातवाने तंबाखू आणावी यात कोणाला काही गैर वाटत नसे. उलट हिशेबाने पैसे परत आणणारा मुलगा म्हणून माझी वाखाणणीच होई. दुकानात पाटी अशी नव्हतीच. वाणी एवढेच विचारी, "कोणासाठी रे?" मी म्हणे, "आजोबांसाठी." हा आमचा परवाना होता.

या परवान्याचा उपयोग स्वतःसाठीही करता येतो, हा शोध मला तेराव्या वर्षी लागला. एका मित्राच्या आग्रहावरून मी वाण्याकडे विडीचे बंडल मागितले. "कोणासाठी रे?" "आजोबांसाठी." वाण्याने माझ्याकडे क्षणभर पाहिले. आजोबा जन्मात कधी विडी ओढीत नव्हते, ते तंबाखू खाणारे होते. ही गोष्ट वाण्याला माझ्याइतकीच ठाऊक होती. तरी त्याने मागे वळून फळीवरचे बंडल काढले आणि माझ्यापुढे टाकले. गुऱ्हाळामागे चिपाडाच्या गंजीआड बसून आम्ही ते संपविले. गंजी पेटली नाही हे नशीब. माझ्या छातीतल्या खोकल्याचा आरंभ तिथे आहे. कित्येक वर्षे मला वाटे की त्या दिवशी मी वाण्याला फसविले. अलीकडे मला त्याचे ते क्षणभराचे पाहणे आठवते. आमच्या घराचे वर्षाचे खाते त्याच्या दुकानात होते. सुगीनंतर एकरकमी पैसे येत. अशा घरच्या नातवाला 'तू खोटे बोलतोस' असे तो कोणत्या तोंडाने म्हणणार होता?

आमच्या गावापासून जवळच उरुळी कांचन आहे. १९४६ साली महात्मा गांधी तेथे येऊन राहिले आणि निसर्गोपचाराचा आश्रम निघाला. लहानपणी आम्हांला तो आश्रम दाखवायला नेत. आमच्यापुढे गांधीजींच्या सत्यनिष्ठेची वर्णने होत असत. पण त्यांनी आत्मचरित्रात एक हकीकत किती मोकळेपणाने लिहिली आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. बारातेरा वर्षांचे असताना ते आणि त्यांचे एक नातलग चुलत्याने टाकलेली सिगारेटीची थोटके ओढीत. थोटके पुरेनात तेव्हा नोकराच्या खिशातले पैसे चोरून विड्या आणू लागले. आणि मग त्या दोघांना कशाचे दुःख झाले? वडिलांच्या परवानगीवाचून आपल्याला काहीच करता येत नाही, याचे! ते इतके असह्य झाले की दोघेही धोत्र्याच्या बिया घेऊन देवळात जीव द्यायला गेले. दोनचार बिया खाल्ल्यावर धैर्य खचले आणि जीव देण्याबरोबर थोटके ओढण्याचा बेतही सुटला. पाटीवरचा अठराचा आकडा मी जेव्हा जेव्हा पाहतो, तेव्हा मला राजकोटमधली ती दोन मुले आठवतात. तो आकडा मुलाला दोन गोष्टी एकाच वेळी सांगतो: हे वाईट आहे, आणि हे मोठ्यांचे आहे. यांपैकी मुलाच्या कानात कोणती शिरते, हे सांगायला मानसशास्त्राचा प्राध्यापक लागत नाही.

मोठे लोक तरी या बाबतीत कधी एकविचाराने वागले आहेत? इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने १६०४ साली तंबाखूवर तोंडसुख घेणारे पुस्तक लिहिले आणि त्याच साली तिच्यावर जबर जकातही बसविली. पुढे तिजोरीला त्या जकातीची सवय झाली. चार्ल्स लॅम्बने १८०५ साली तंबाखूला निरोप देणारी कविता रचली, आणि ती वाचणाऱ्याला निरोपापेक्षा प्रेमच अधिक दिसते. आपल्याकडे ना. सी. फडक्यांच्या एका लघुनिबंधसंग्रहाचे नावच 'धूम्रवलये' आहे. विद्यार्थिदशेत आम्ही वसतिगृहाच्या गच्चीवर सिगारेट ओढीत बसत असू, तेव्हा आपण व्यसन करीत आहोत असे आम्हांला मुळीच वाटत नसे. आपण वाङ्मयात बसलो आहोत असे वाटे.

आताच्या मुलांना वाङ्मयाचीही गरज उरलेली नाही. गेल्या हिवाळ्यात वर्गात एका बाकाखाली मला एक गुळगुळीत, बोटाएवढी, निळसर वस्तू सापडली. संगणकाला लावायचा पेन ड्राइव्ह समजून मी ती टेबलावर ठेवली आणि कोणाची आहे म्हणून विचारले. वर्गात जी शांतता पसरली, तीवरूनच मी काय ते समजायला हवे होते. मधल्या सुटीत एका तरुण सहकाऱ्याने मला ज्ञान दिले. ती वाफेची सिगारेट होती. आत एक लहान बॅटरी असते, ती एक तार तापविते, आणि निकोटिन व सुगंध मिसळलेल्या द्रवाची वाफ होऊन तोंडात जाते. राख नाही, थोटूक नाही, कपड्यांना वास नाही. तीस वर्षे सिगारेट ओढणाऱ्या माझ्या नाकालाही आंब्याच्या बर्फीसारख्या त्या वासाचा संशय आला नव्हता. ही युक्ती २००३ च्या सुमारास चीनमधल्या होन लिक नावाच्या औषधतज्ज्ञाने काढली. सिगारेट सुटावी म्हणून ती निघाली असे म्हणतात. आमच्या बाकाखाली ती सिगारेट कधीच न ओढलेल्या मुलाकडे पोहोचली होती.

हिच्यासाठी कोणती पाटी लावायची, असा प्रश्न मी समितीच्या बैठकीत विचारला. कोणतीच नाही, असे उत्तर आले. १८ सप्टेंबर २०१९ पासून आपल्या देशात या वस्तूचे उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात या सर्वांवरच बंदी आहे. पहिल्या अपराधाला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जी वस्तू पन्नाशीच्या गृहस्थालाही विकता येत नाही, तिच्यावर अठराचा आकडा लिहून काय उपयोग? माझा एक भाचा इंग्लंडात शिकतो. त्याला ही हकीकत कळविली, तेव्हा त्याने विद्यापीठाजवळच्या एका दुकानाचे छायाचित्र पाठविले. काचेआड रंगीबेरंगी नळकांड्या मांडलेल्या आणि दारावर अठरा वर्षांखालील ग्राहकांना मनाई करणारी पाटी. त्या देशात १९०८ सालापासून सोळा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे गुन्हा होता. पुढे वयाची ती मर्यादा वाढली, आणि २०१५ पासून या वाफेच्या सिगारेटींनाही अठराची अट लागू झाली. पंचविशीखालचा दिसेल त्या प्रत्येकाकडे पुरावा मागायचा, असा तिथल्या पुष्कळ दुकानांचा रिवाज आहे. माझ्या तेवीस वर्षांच्या भाच्यालाही पारपत्र काढून दाखवावे लागले. मावशींच्या मिशीच्या प्रश्नाला हे त्यातल्या त्यात समाधानकारक उत्तर.

माझा तो तरुण सहकारी म्हणाला, "सर, बंदीपेक्षा ही पाटीच बरी. निदान कोणी विचारतो तरी." मला हे एकदम पटले नाही, आणि अजूनही पुरते पटलेले नाही, काचेआड खेळण्यांसारख्या मांडलेल्या त्या नळकांड्या पाहून बंदी घालणाऱ्यांची बाजू मला अधिक कळते. परंतु त्याच्या बोलण्यात एक गोष्ट खरी होती. आमच्या मुलाने ती वस्तू कुठून आणली याचा आम्ही तपास केला, तेव्हा पुण्यातला कोणी तरी, फोनवरचा कोणी तरी, मित्राचा मित्र, असे करीत तो धागा हातातून निसटला. ज्याला दुकान नाही त्याला पाटी नाही, आणि 'कोणासाठी रे?' असे विचारणारे तोंडही नाही.

आता मला जे सांगायचे आहे ते सांगतो. इतका वेळ मी ते लांबणीवर टाकले, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल. भाद्रपदातली गोष्ट. दुपारपासून पाऊस लागला होता. मी खोलीत उत्तरपत्रिका तपासीत बसलो होतो आणि पाकीट संपले होते. इतक्यात अकरावीतला एक मुलगा वक्तृत्वस्पर्धेचे भाषण दाखवायला आला. मुलगा गुणी आहे. सांगितलेले काम झटकन करणारा. मी भाषणावर नजर टाकली, दोन शब्द बदलले, आणि ज्या सहजतेने आजोबा माझ्या हातावर चार आणे ठेवीत त्याच सहजतेने खिशातली नोट काढून त्याच्या हाती दिली. "जरा मावशींकडून माझे पाकीट आण रे. त्यांना माहीत आहे कोणते." तो छत्री न घेताच पळाला.

दहा मिनिटांनी तो परत आला तो रिकाम्या हाताने. अंगावरून पाणी निथळत होते. नोट त्याने घडी करून टेबलाच्या कडेला ठेवली.

"सर, मावशी देत नाहीत."

"का? सांगितलेस ना माझ्यासाठी म्हणून?"

"सांगितलं सर. त्या म्हणाल्या, पाटी सरांनीच वाचून दाखवलीय. सरांना म्हणावं, स्वतः या."

मी हसलो. हसण्यावाचून दुसरे काय करणार? तो मात्र हसला नाही. आपल्याकडून काही चूक झाली की काय, अशा मुद्रेने तो माझ्याकडे पाहत उभा होता. त्याला मी घरी जायला सांगितले. वकिली करणारे माझे एक स्नेही आहेत. त्या रात्री मी त्यांना ही हकीकत गंमत म्हणून सांगितली. त्यांनी गंमत न मानता २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे ७७ वे कलम वाचून दाखविले. वैद्याच्या सांगण्यावाचून अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखूजन्य पदार्थ जो देईल अथवा देववील, त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. मी त्यांना म्हटले, तंबाखूच्या कायद्यात दोनशे रुपये आणि इथे सात वर्षे, हा काय प्रकार? ते म्हणाले, "ते तू सोड. 'देववील' हा शब्द ध्यानात ठेव." पाकीट मुलाच्या हाती पडले नाही म्हणून मी वाचलो, अशी त्यांनी माझी समजूत घातली.

पण हे रात्रीचे झाले. त्या दुपारी, मुलगा गेल्यावर, मी छत्री घेऊन निघालो. शंभर वार अंतर मी मोजले होते. पावसातून चालत गेल्याने ते किती असते हे मला प्रथमच कळले. रेघेचा रंग निम्मा धुऊन गेला होता. टपरीशी एक मोटारसायकल उभी होती आणि तिच्यावर बसलेला, पलीकडच्या वस्तीवरच्या एका बड्या बागायतदाराचा मुलगा, सुट्या सिगारेटीसाठी मावशींशी हुज्जत घालीत होता. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० च्या सप्टेंबरपासून बंदी आहे, आणि तो पोरगा सोळाचाही नसावा. याच बागायतदाराच्या मळ्यात मावशी पूर्वी खुरपणीला जात असत. टपरीची नवी जागाही त्याच्याच बांधाला लागून आहे.

मावशींनी त्याला 'नाही' म्हटले नाही. त्यांनी हात वर करून पाटीवर बोट ठेवले. "मी कुठं नाय म्हन्ते दादा? ही पाटी नाय म्हन्ती. सरांनी लावलीया. त्यांनाच इचारा, हे बघा आलेच." पोराने मागे वळून माझ्याकडे पाहिले, काही तरी पुटपुटला आणि गाडी सुरू करून चिखल उडवीत निघून गेला.

मला एकाएकी आमच्या वाण्याचे ते क्षणभराचे पाहणे आठवले. त्याच्या खांबाला अशी दोन फूट लांबीची पाटी असती, तर त्याने माझ्याकडे पाहून तिच्याकडे बोट केले असते काय? कोण जाणे. कदाचित केले असते. खाते मोडण्याची भीती त्याला वाटली नसती. कारण 'नाही' हा शब्द त्याला स्वतःच्या तोंडाने उच्चारावा लागला नसता.

मी छत्री मिटून टपरीच्या पत्र्याखाली उभा राहिलो. काय बोलावे ते सुचेना. "मावशी, मघाशी तो मुलगा..." एवढे म्हणून थांबलो. त्यांनी माझे पाकीट आधीच काढून पुढे ठेवले होते.

"घ्या की सर," त्या म्हणाल्या. "तुमाला काय अडचन? तुमचं वय झालंय."

त्यांना कायद्यातलेच वय म्हणायचे होते, यात शंका नाही. मी पैसे दिले. पाकीट खिशात टाकून परत आलो, आणि उत्तरपत्रिकांकडे वळण्यापूर्वी प्रवेशाची वही काढून त्या मुलाची जन्मतारीख पाहिली. अठरा पूर्ण व्हायला त्याला अजून एक वर्ष आणि चार महिने आहेत.